हवालदार पडले आणि मी मेंबर झाले

माझं लग्न फौजी माणसाशी झालं, त्यामुळे पहिली दहा-बारा वर्षं मला नवरा मिळायचा तो रजेपुरता. रजा संपत आली की सासूबाई चिवड्याची तयारी करायच्या, मी यांच्या सदऱ्यांची बटनं पक्की करायचे, आणि धाकटी पोर बापाला नुकती कुठं ओळखायला लागलेली असायची. चीनच्या लढाईनंतर दोनेक वर्षांनी हे हवालदार म्हणून पेन्शन घेऊन कायमचे घरी आले तेव्हा मला आनंद झाला, पण जरा धास्तीही वाटली. पाहुण्याशी कसं वागायचं ते मला ठाऊक होतं. पाहुणा परत जायचाच नाही म्हटल्यावर कसं वागायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं.

मलकापूरला रेल्वेतून उतरून बुलढाणा, चिखली, मेहकर अशा गाड्या बदलत हे आले. बरोबर काळी पत्र्याची पेटी आणि वळकटी. डाव्या पायाची दोन बोटं तिकडे बर्फात गेली होती, त्यामुळे चालताना डावा खांदा जरा खाली जायचा. पोरी विचारायच्या, "बाबा, बोटं कुठं गेली?" हे म्हणायचे, "तिकडंच राह्यली. पहाऱ्यावर हायेत." लढाईबद्दल यापेक्षा जास्त मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

आमचं गाव म्हणजे धड खेडं नाही आणि धड शहर नाही. लोणारकडे जाणारी एस.टी. थांबायची, पोस्ट होतं, सातवीपर्यंत शाळा होती आणि मंगळवारी मोठा बाजार भरायचा. गावाला लागूनच आमचा मळा. वांगी, मिरच्या, मेथी, कांदे, आणि विहिरीवर मोट. माझं माहेर सुलतानपूरचं, तिथंही मळाच, त्यामुळे भाजी पिकवणं आणि बाजारात बसून विकणं हे दोन्ही मला लहानपणापासून येत होतं. हे नसताना सासूबाई आणि मी, आम्ही दोघींनी मिळून हा सगळा गाडा ओढला होता, आणि खरं सांगायचं तर बरा ओढला होता.

आता घरात फौज आली. सकाळी उठल्या उठल्या हे अंथरुणांच्या चौकोनी घड्या घालायचे. मग स्वयंपाकघरात येऊन तांबे उंचीप्रमाणे लावायचे. मला नेमका मागचाच तांब्या हवा असायचा, आणि तो काढला की पुढची सगळी पलटण कोसळायची. शाळेत जायच्या आधी पोरींना ओसरीवर रांगेत उभं करून त्यांची नखं तपासायचे. एक दिवस उत्साहाच्या भरात सासूबाईंचाही हात हातात घेतला.

"माही नखं पाह्यतं का रे?" सासूबाई कडाडल्या. "ह्याच नखायनं पाठ खाजवून खाजवून झोपवलं म्या तुले!"

हे हसत बाहेर गेले. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, याले गावात काही काम पाह्य. नाहीतर हा माह्या बकऱ्यायलेही कवायत शिकवन."

काम बघावं लागलं नाही. कामच त्यांना शोधत आलं.

मंगळवारी मी बाजारात बसायचे. हे मदतीला म्हणून शेजारी येऊन बसले. पण त्यांचा तराजू इतका सरळ असायचा की गिऱ्हाइकाला एक मिरचीही वर पडायची नाही. बाया एकदा तराजूकडे बघायच्या, एकदा यांच्या मिशांकडे बघायच्या आणि शेजारच्या दुकानाकडे वळायच्या. मी काही बोलणार तेवढ्यात रस्त्यावर गलका झाला. एका बाजूनं कापसाच्या बैलगाड्या, दुसऱ्या बाजूनं कांद्याच्या, आणि मधे एस.टी. अडकलेली. कंडक्टर खाली उतरून ओरडत होता, गाडीवान त्याच्यावर ओरडत होते, बैल फुरफुरत होते. यांनी खिशातून शिट्टी काढली. ती फौजेतून आणलेली होती आणि तोपर्यंत पोरींना उठवण्याच्याच कामाला येत होती. हे चौकात जाऊन उभे राहिले, शिट्टी फुंकली, हात आडवा केला. "तुम्ही मागं घ्या. तुम्ही थांबा. ए बैलवाले भाऊ, जू सोडा आधी!" थोड्याच वेळात एस.टी. धुरळा उडवत लोणारच्या वाटेला लागली. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून मंगळवारचा चौक यांचा झाला आणि मला माझा तराजू परत मिळाला.

मग हळूहळू सगळं गावच यांचं झालं. कोणाच्या घरात साप निघाला, बोलवा हवालदाराला. अडलेल्या बाईला मेहकरच्या दवाखान्यात न्यायचंय, हवालदार रस्त्यात उभे राहून एस.टी. थांबवणार. कोणाकडे मयत झाली तर बांबू, दोरी, मडकं, लाकडं, कशासाठी कोणाकडे जायचं हे सगळं त्यांच्या डोक्यात तयार असायचं, आणि रडणाऱ्या माणसांना फक्त रडण्याचं काम उरायचं. शाळेच्या मैदानातली काटेरी झुडपं त्यांनी मुळासकट काढून टाकली. दारात "हवालदार हायेत का?" ही हाक कावळ्यांच्या आधी यायची. ताटातली भाकर ताटातच राहायची. मी कुरकुरायचे, पण बाजारात बाया मला "हवालदारीणबाई" म्हणून जागा करून द्यायच्या, तेव्हा आतून बरंही वाटायचं.

अशात ग्रामपंचायतीची निवडणूक आली. गावातली काही शहाणी मंडळी आमच्या ओसरीवर येऊन बसली. "हवालदार, तुम्ही उभं राह्यलं पाह्यजे. तुमच्यासारखा मानूस पंचायतीत नाही म्हनजे काय?" यांना वाटलं, खरंच, म्हणजे काय! आमच्या वॉर्डातून हे उभे राहिले. समोर होते पाटील. मोठी शेती, सावकाश बोलणं, गालात कायम सुपारी, आणि कोणाशी वाकडं नाही.

निवडणुकीच्या आधी मारुतीच्या पारावर सभा झाली. मी शेजारच्या कासारणीबरोबर बायांच्या घोळक्यात मागं उभी होते. ही कासारीण गावातल्या प्रत्येक घरात बांगड्या भरायला जायची, त्यामुळे गावाच्या मनात काय चाललंय ते गावाच्या आधी तिला कळायचं. पाटील आधी उठले. "मी काय बोलू? तुमच्या मनासारखं होईन," म्हणाले आणि बसले. मग हे उठले. छाती पुढं, टाचा जुळवलेल्या.

"मी निवडून आलो," हे गरजले, "तर बाजारात थुंकनाऱ्याच्या हाती झाडू देईन! सांडपानी रस्त्यावर सोडनाऱ्याच्या दारापुढं मी स्वतः उभा राहीन! गाड्या रांगेत लागतीन! आन या पारावर दिवसभर जे पत्ते कुटत बसतात, त्यायले श्रमदानाले नेल्याशिवाय राह्यनार नाही!"

पारावर समोर बसलेले झाडून सगळे पत्तेवालेच होते. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

कासारणीनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "बाई, गेली वो तुमच्या मालकाची मेंबरकी."

"काऊन वो? टाळ्या तर वाजून राह्यल्या."

"टाळ्याच वाजून राह्यल्या," ती म्हणाली.

तसंच झालं. हे पडले, आणि असेतसे नाही, सपाटून पडले. पाटील आले, आणि पुढं तेच सरपंच झाले. संध्याकाळी हे घरी येऊन ओसरीच्या खांबाला टेकून बसले. हरल्याचं दुःख होतं, पण त्याहून जास्त त्यांना कोडं पडलं होतं. ज्यांच्या घरी मध्यरात्री विंचू उतरवणाऱ्याला घेऊन गेलो, ज्यांच्या म्हाताऱ्याला खांदा दिला, त्यांनीही मत दिलं नाही म्हणजे माझं चुकलं कुठं? तेवढ्यात कासारीण आली. तिला कोणाच्याही ओसरीवर परवानगी लागायची नाही.

"हवालदार, मनाले लावून घेऊ नका," ती म्हणाली. "लोकायले तुम्ही पाह्यजे. हाकेले धावनारे पाह्यजे. पन तुमच्या हाती हुकूम द्याले भेतात लोक. बिना हुकमाचे तुम्ही एवढे, मंग हुकूम असल्यावर किती!"

आतून सासूबाई आल्या. हातातली सुपली खाली ठेवून म्हणाल्या, "म्याही नाही देल्लं तुले मत."

कासारणीनं हनुवटीला बोट लावलं.

"काऊन वो, माय?" हे एवढ्या लहान आवाजात म्हणाले की मला ते सातवीतले वाटले.

"सरकारले देल्ला तुले इतके वर्ष. पत्र आलं का मी पोस्टमनच्या तोंडाकडे पाह्यची, पत्राकडे नाही. आता गावाले देऊ का? जेवाच्या वक्ताले तरी घरी येत जा, बापू."

हे अचानक हसायला लागले. एवढे हसले की कासारीणही हसायला लागली आणि सासूबाई रागावून पुन्हा सुपली घेऊन आत गेल्या. त्या दिवशी हे सगळ्यांच्या आधी ताटावर बसले आणि पोट भरेपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हाक आली, "हवालदार हायेत का?" पारावरचाच एक पत्तेवाला होता. त्याची म्हैस नाल्याच्या गाळात रुतली होती. हे ओसरीवर दात घासत होते. मी दाराआडून बघत होते की आता काय करतात. त्यांनी चूळ भरली, दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं, आणि गेले. जाता जाता त्या माणसाला एवढंच म्हणाले, "पत्त्यायचा जोड आना बरोबर. म्हैस निघस्तोर बसावं लागन."

असेच थोडे दिवस गेले आणि एक दिवस खुद्द पाटीलच आमच्या घरी आले.

झालं असं होतं, की पंचायतीत दोन बायका घ्यायच्या असा कायदा होता. निवडणुकीला तर गावातली एकही बाई उभी राहिली नव्हती. मग निवडून आलेल्या पुरुषांनीच दोघींची नावं काढून त्या जागा भरायच्या होत्या. यातलं आम्हाला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. पाटील ओसरीवर बसले, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि म्हणाले, "हवालदार, पंचायतीची एक अडचन घेऊन आलो."

यांनी लगेच सदऱ्याची कॉलर सरळ केली. "बोला पाटील. निवडनूक संपली, राग-लोभ काही नाही. कोनतंही काम सांगा, मी तयार हाय."

"तुमच्याकडे नाही काम. वहिनीकडे हाय."

मी आत भाकऱ्या थापत होते. हात पिठातच थांबला.

"दोन बाया घ्या लागतात पंचायतीत," पाटील सांगायला लागले. "एक आमच्या घरातली मावशी घेतली. दुसरी बाई लिहिता-वाचता येनारी, चार लोकायत बसनारी पाह्यजे. वहिनी चौथी शिकलेल्या हायेत, दर मंगळवारी बाजारात बसतात. आन खरं सांगू का? हवालदाराच्या घराले बाहेर ठेवलं, असं मले गावानं म्हनाले नको."

यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ताठ पाठ जराशी सैल झाली. मग चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंनीच बाहेरच्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "माही सून येईन!"

पाटील गेल्यावर हे मळ्यात निघून गेले. मला वाटलं, राग आला. मी हात धुऊन मागं गेले, तर हे वांग्याच्या वाफ्यात उगाचच पाणी फिरवत उभे. सकाळीच पाणी दिलेलं होतं.

"तुम्हाले आवडत नसन तर मी नाही म्हनते," मी म्हटलं.

"मले वाईट वाटलं," हे म्हणाले. "खोटं काऊन बोलू? मले वाटलं, मलेच बोलवाले आला." त्यांनी पायानं वाफ्याचं तोंड बुजवलं. "पन घरातलं कोनी बसत असन तर तू बसलेली बरी. तुले लोक भेत नाहीत. जा तू."

पहिल्या बैठकीला मी नवं लुगडं नेसून गेले. पंचायतीच्या खोलीत पुरुषांना खुर्च्या होत्या आणि आम्हा दोघींना दारापाशी सतरंजी. पाटलांची मावशी बसल्या बसल्या पेंगायला लागली. बोलणं कशाकशावर चाललं होतं, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की आता बोलावं, तोपर्यंत विषय पुढं गेलेला असायचा. मग चहा आला आणि बैठक संपली.

हे वाटच बघत होते. "काय बोलली?"

"चहा घेतला."

"आन?"

"आन कप खाली ठेवला."

हे हसले, पण मग माझ्यासमोर मांडी घालून बसले. "हे पाह्य, त्या खोलीत काय बोलावं ते नको शोधू. गावाले काय पाह्यजे ते सांग मले. तुले काय दिसते?"

मला दिसत होतं ते बोलायची लाज वाटत होती. शेवटी पोरी खेळायला गेल्यावर सांगितलं. मंगळवारी आम्ही बाया झुंजुरका बाजारात येऊन बसतो त्या दिवस मावळेपर्यंत. आसपासच्या खेड्यांतून येतात त्यांचं तर विचारूच नका. पुरुष नाल्याकडे जातात, भिंतीआड जातात. बाईनं कुठं जायचं? सगळीकडे उघडा माळ. त्यामुळे सोमवार संध्याकाळपासून आम्ही पाणीच कमी पितो. उन्हाळ्यात चक्कर येते. पोटुशा बाया बसलेल्या असतात, म्हाताऱ्या असतात. सगळ्या तशाच दम धरून बसतात.

हे ऐकत होते. चौकात उभं राहून इतके मंगळवार त्यांनी तो बाजार पाहिला होता. कुठली गाडी कुठं लागते, कोणाचा बैल मारका, सगळं त्यांना पाठ होतं.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही शिट्टी घेऊन चौकात उभे. तिथं येऊन हे सांगू का?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला, उठले, चुलीतला कोळसा घेऊन आले आणि माझ्या सारवलेल्या जमिनीवर रेघा मारायला लागले. "फौजेत मुक्काम पडला का जेवनाच्या आधी याचेच खड्डे खनतात. खोल खड्डा, वर फळ्या, मधात आडभिंती, दरवेळी वरून राख न् माती. वास येत नाही, माश्या होत नाहीत. कोंडवाड्याच्या मागची पडीक जागा पंचायतीचीच हाय. दगड नाल्यात पडलेले हायेत. खनाले मी हाय." मग कोळसा माझ्यापुढं धरून म्हणाले, "पन हे त्या खोलीत मी नाही बोलू शकत. ते तूच बोल. आन मोठ्यानं बोल."

मोठ्यानं बोलायचा सराव मळ्यात सुरू झाला. हे विहिरीपाशी मोट धरून उभे, मी दुसऱ्या टोकाला मिरच्यांच्या वाफ्यात. मोटेचं चाक कुरकुरत असायचं, त्याच्यावरून माझा आवाज त्यांच्यापर्यंत गेला पाहिजे अशी अट.

"सरपंच साहेब! माझं एक म्हननं हाय!" मी ओरडायचे.

"ऐकू नाही आलं!" तिकडून हे ओरडायचे.

"बाजारात बायायले जागा नाही!"

"काय नाही?"

"जागा! जागा नाही म्हनते ना!"

दुसऱ्याच दिवशी सासूबाई धापा टाकत मळ्यात आल्या, मागं शेजारच्या दोन बाया. "काऊन भांडता रे? सारं गाव ऐकून राह्यलं! इतके वर्ष तो नव्हता तं रडे, आता आला तं भांडते!" आम्ही दोघं हसून हसून खाली बसलो. मग त्यांना सगळं सांगावं लागलं. सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि कासारणीला बोलावणं पाठवलं.

पुढच्या बैठकीपर्यंत कासारणीनं गावातल्या घराघरांत बांगड्या भरल्या. बाईचा हात हातात असला की ती बाई उठून जाऊ शकत नाही, सगळं ऐकून घ्यावंच लागतं. तिनं कोणाला काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. एवढं मात्र कळलं, की ती पाटलांच्या वाड्यावरही गेली होती आणि पाटलीणबाईंच्या हातात बांगड्या भरायला तिला सगळी दुपार लागली.

बैठकीच्या दिवशी मी सतरंजीवर बसलेच नाही, सरळ उभी राहिले. "सरपंच साहेब, माझं एक म्हननं हाय." आवाज इतका मोठा निघाला की मावशी खडबडून जागी झाली. मी सगळं सांगितलं. शब्द न गिळता सांगितलं. कोणी छताकडे बघायला लागलं, कोणी चपलेकडे. एक मेंबर म्हणाले, "बाई, हा विषय बायकायचा. घरी बोलावं असं."

"घरी बोलून काय करू, दादा? घरी आडोसा हाय. बाजारात नाही," मी म्हटलं. "तुमच्या घरच्याही मंगळवारी भाजी घ्याले येतात. विचारा त्यायले."

तो मेंबरही चपलेकडे बघायला लागला. नंतर कळलं की त्याच्या घरी ते आदल्याच दिवशी विचारून झालेलं होतं. पाटलांनी सुपारी चावायची थांबवली, घसा साफ केला. मला वाटलं, आता नाही म्हणणार.

"आमच्या घरूनही तेच म्हनतात," पाटील म्हणाले. "दोन दिवस झाले, मले घरात दुसरा विषयच नाही. जागा पंचायतीची हाय. ज्यायले नाही म्हनाचं असन त्यायनं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मावशीनं मात्र जोरात मान हलवली. त्या दिवसानंतर ती कधी बैठकीत पेंगली नाही.

काम सुरू झालं तेव्हा एक गोष्ट मी मनाशी ठरवली होती, यांना हुकूम सोडू द्यायचा नाही. ते मात्र माझ्याही पुढं गेले. पहिल्या दिवशी फावडं खांद्याला लावून माझ्यासमोर टाचा जुळवून उभे राहिले. "हुकूम, मेंबरीनबाई!" सगळ्यांसमोर. मी पदर खोचला आणि म्हटलं, "तिकडून खना." आणि हे खरंच तिकडून खणायला लागले. ते बघून बाकीचेही खाली उतरले. पारावरची मंडळी आली, त्यांना कोणी पकडून आणलं नव्हतं, त्यांच्या बायकांनी पाठवलं होतं. पाटलांनी दगड वाहायला दोन बैलगाड्या दिल्या आणि एक दिवस स्वतः येऊन बाभळीखाली बसून राहिले. तेवढंही त्यांच्या मानानं पुष्कळ होतं. भिंती उभ्या राहिल्या. आत जायला वळणाची वाट, म्हणजे बाहेरून काही दिसू नये. बाजूला पाण्याचा रांजण. वळणाची वाट माझी सूचना होती. फौजेच्या नकाशात ती नव्हती.

उद्घाटन करावं असं ठरलं आणि तिथं घोडं अडलं. पाटील म्हणाले, या कामाची फीत मी कशी कापू? मेहकरच्या साहेबांना बोलवावं तर त्यांना पत्रात लिहायचं काय? मंगळवार उजाडला. दोन काठ्यांना लाल फीत बांधलेली, लांबवर पुरुष अवघडून उभे, जवळ बाया गर्दी करून उभ्या, आणि कात्री या हातातून त्या हातात फिरत होती. तेवढ्यात गर्दीतून सासूबाई पुढं आल्या. सकाळपासून त्या माझ्याजवळ कांद्याच्या ढिगाशी बसल्या होत्या.

"फीत कायची कापता?" त्या म्हणाल्या. "आधी मले जाऊ द्या!"

त्यांनी लुगडं सावरलं, फितीखालून वाकून आत गेल्या, आणि वळणाआड दिसेनाशा झाल्या. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या, रांजणातल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले, आणि जमलेल्या बायांना म्हणाल्या, "चांगलं हाय. जा."

बायांनी जो हसण्याचा कल्लोळ केला तो थेट एस.टी. स्टँडपर्यंत गेला असेल. हे दूर चौकात पाठ फिरवून उभे होते. हसण्याचा आवाज ऐकून त्यांनी एकदा लांबलचक शिट्टी फुंकली.

मी पुढं बरीच वर्षं मेंबर राहिले. सतरंजीवरून खुर्चीवर आले. सातवीनंतर पोरींना शिकायची सोय गावात नव्हती, तेव्हा आठवीचा वर्ग मिळावा म्हणून बुलढाण्याला जाऊन साहेबांना भेटायचं ठरलं. पंचायतीनं मला पाठवलं. हे सोबतीला आले. कचेरीत पंचायतीचं पत्र बघून शिपायानं आपोआपच यांच्यापुढं खुर्ची सरकवली आणि विचारलं, "मेंबर साहेब, काय काम?"

"मेंबर त्या हायेत," हे म्हणाले. "मी त्यांची पिशवी धरतो."

साहेब भले होते. त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या जूनपासून बघतो म्हणाले, आणि पुढच्या जूनला खरंच वर्ग सुरू झाला. पण ते नंतर. त्या दिवशी आम्ही बाहेर पडलो तर ऊन कलंडलं होतं आणि घाटावरचा गार वारा सुटला होता. स्टँडजवळ एक जण मिरचीची भजी तळत होता. आम्ही दोघं तिथल्या बाकावर बसलो. मी भज्याचा घास घेतला आणि माझ्या लक्षात आलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाई नाहीत, पोरी नाहीत, बैल नाहीत, आणि आम्ही दोघंच कुठंतरी बसून खातोय असं पहिल्यांदाच घडत होतं. मी ते यांना सांगितलं नाही. त्यांनाही तेच वाटत असावं, कारण ते नेहमीसारखे भरभर खात नव्हते.

आमची एस.टी. लागली. कंडक्टरनं "चिखली, मेहकर, लोणार" अशी हाक दिली. मी उठायला लागले. यांनी गाडीकडे पाहिलं, मग भजीवाल्याकडे पाहिलं.

"बस," हे म्हणाले. "जाऊ दे ती गाडी. अजून एक प्लेट सांगतो."